पुसलेली फुंकनळी

९ जानेवारी

भाऊजी,

हे पत्र तुमच्या दादांनी सांगून लिहिलेलं नाही, हे आधीच सांगते. नाहीतर तुम्ही पाकिटावरचं अक्षर बघूनच तोंड फिरवाल. ते भट्टीवर आहेत. मी घासकामाच्या चाकाशी बसले आहे, चाक बंद ठेवलंय, आणि मांडीवर फळी घेऊन लिहिते आहे. त्यांनी विचारलं तर म्हणेन, हिशेब लिहितेय.

निमित्त तुमच्या कोटाचं. तो इथेच खुंटीवर राहिला. थंडीत माणूस कोट विसरून जातो म्हणजे किती तणतणत गेला असेल, असं मी त्या दिवशीच म्हटलं होतं. चिमणी तो पांघरून झोपते आणि कोणी हात लावला की ओरडते, "काकाचा आहे!" तरी तिची समजूत घालून तो वेगळ्या पार्सलने पाठवते आहे. पोहोचला की कळवा.

कोट संपला. आता बाकीचं.

तुम्ही गेलात त्या दिवशी मला काय दिसलं ते लिहिते. तुम्हा दोघा भावांना विचारावं तर दोघांच्या तोंडाला कुलूप, त्यामुळे बघणारी मीच उरले. मोठ्या चंबूचं काम चाललं होतं. दादा बाकावर बसून काच फिरवत होते, तुम्ही शेजारी उभे. पहिला फुगा त्यांनी फुंकला, नळी तुमच्याकडे आली, तुम्ही फुंकलंत, पुन्हा त्यांच्याकडे गेली. आपल्याकडे नळी एका तोंडातून दुसऱ्या तोंडात जाते ती तशीच, ओलीच्या ओली. मामंजींनी तुम्हा दोघांना तसंच शिकवलं. काच कोणासाठी थांबत नाही, पुसत बसलात तर फुगा बसलाच, असं ते म्हणायचे. लग्न होऊन आले तेव्हा मला ते बघून मळमळायचं, आता सांगायला हरकत नाही. पुढे सवय झाली.

आणि तुम्ही खांद्यावरच्या फडक्याने नळीचं टोक पुसलंत.

पहिल्यांदाच पुसलंत असं नाही. बरेच दिवस चाललं होतं. मी समोरच बसते, मला दिसायचं. दादांना त्या दिवशी दिसलं. ते म्हणाले, "काय रे, माझी घाण वाटायला लागली तुला?" तुम्ही गप्प. "नाही" म्हणायला किती वेळ लागतो, भाऊजी? मी चाक थांबवून वाट बघत होते. तुम्ही खाली मान घालून उभे राहिलात, चंबू कलंडला, आणि दादा म्हणाले, "एवढी किळस असेल तर दुसरी भट्टी बघ."

तुम्ही खरंच बघितलीत. आणि ती कसली, तर बाटल्यांचा कारखाना! यंत्र फुंकतं आणि तुम्ही पट्ट्यावरून सरकणाऱ्या बाटल्यांत तडा दिसतो का ते बघत बसता. तुमच्यासारखा फुंकणारा या धंद्यात शोधून सापडत नाही, आणि तुम्ही नळीला हातच लावायचा नाही अशी नोकरी निवडलीत. दादा म्हणतात, त्याला माणसाच्या तोंडाची शिसारी आहे, यंत्रच बरं त्याला. मी म्हणते, डोक्यात राख घालून घेतली की माणूस असलंच काहीतरी करतो.

मोठे चंबू बंद आहेत. ते एकट्याच्याने होत नाहीत हे तुम्हाला माहीत आहे. लहान करतो, प्रयोगशाळावाले घेतात.

चार ओळी लिहा. रागाच्या असल्या तरी चालतील. इकडे सगळ्यांची तब्येत उत्तम.

तुमची वहिनी


२ फेब्रुवारी

भाऊजी,

कोट परत आला नाही, म्हणजे पोहोचला असं धरते. उत्तर आलं नाही, त्याचं काय धरायचं ते तुम्हीच सांगा.

सगळ्यांची तब्येत उत्तम असं मी मागे लिहिलं होतं. ते खोटं होतं. दादांच्या खालच्या ओठाच्या आत एक गाठ आली आहे.

मला कळलं ते असं. ते नळी तोंडाच्या मध्ये न धरता डाव्या कोपऱ्यात धरायला लागले. जेवताना एकाच बाजूने चावायचे. नुसते बसले असले तरी ओठ आतून हलत असायचा, जिभेने काहीतरी चाचपत असल्यासारखा. मी विचारलं की "काही नाही." या घरातल्या पुरुषांचं "काही नाही" मला पाठ झालं आहे. मग एका सकाळी मोरीतल्या आरशापुढे ओठ उलटा करून उभे असताना मी त्यांना पकडलं.

फ्लॉवरचा अगदी बारीक तुरा तोडून आत चिकटवावा तशी दिसते. पांढरट गुलाबी, वर बारीक बारीक बोंडं, आणि खाली देठासारखं काहीतरी. मुगाच्या दाण्याहून थोडी मोठी. दुखत नाही म्हणतात. गालाच्या आत आणखीही उंचवटे आहेत, ते चपटे, गालाच्याच रंगाचे. हे मी बॅटरी मारून बघितलं, तेही त्यांचा जबडा धरून. त्यांनी तोंड मिटलं आणि म्हणाले, "तेच आहे."

"तेच" म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको. मामंजींचंही ओठाच्या आतूनच सुरू झालं होतं. शेवटी पाणीसुद्धा चमच्याने पाजावं लागायचं आणि चमचा तुम्ही धरायचात. तेव्हापासून त्या आजाराचं नाव आपल्या घरात कोणी घेत नाही.

मी म्हटलं, डॉक्टरांना दाखवू. तर म्हणतात, "दाखवलं की आजाराला नाव मिळतं. तोवर नुसती गाठ आहे, राहू दे." मी चिडले, रडले, दोन दिवस बोलले नाही, काही उपयोग झाला नाही. उलट माझ्याकडून वचन घेतलं, की तुम्हाला तर मुळीच कळवायचं नाही. "त्याला कळलं तर म्हणेल, बघा, मी उगाच पुसत नव्हतो."

वचन मोडून लिहिते आहे.

खरं सांगा, तुम्हाला ती गाठ आधीच दिसली होती का? म्हणून पुसत होतात का? तसं असेल तर मला राग आहे तुमचा. भावाच्या तोंडात काही दिसलं तर त्याला सांगायचं असतं, फडकं काढायचं नसतं.

पण एक गोष्ट माझ्या गणितात बसत नाही. चिमणी तुमच्या पेल्यातलं दूध प्यायला धावायची, तेव्हा शेवटी शेवटी तुम्ही पेला वर धरायचात. तिला पापी देणं बंद केलंत. तिने अर्धं खाऊन पुढे केलेलं बिस्किट मात्र तुम्ही मजेत खायचात. चिमणी मला येऊन विचारायची, "काका माझ्यावर रागावलाय?" दादांची किळस आली असं घटकाभर धरलं, पण पोरीला तुमचा पेला का नाही?

तुम्ही या. तुमचं ते ऐकतात. ऐकायचे. बाकी काही मागत नाही, फक्त त्यांना डॉक्टरांच्या दारापर्यंत न्या. मला भीती वाटते आहे.

वहिनी


१५ फेब्रुवारी

भाऊजी,

तुम्ही आला नाहीत, म्हणून मीच नेलं त्यांना. कसं ते ऐका.

माझी दाढ दुखतेय असा मी कांगावा केला. गालाला रुमाल बांधला, जेवण टाकलं, दिवसभर कण्हले. संध्याकाळी म्हणाले, "चल, दाखवून आणतो." मी म्हटलं, मला एकटीला भीती वाटते, तुम्ही आत या. आत गेल्यावर डॉक्टरीणबाई म्हणाल्या, बसा. मी ह्यांच्या दोन्ही खांद्यांवर हात ठेवले आणि ह्यांनाच खुर्चीत दाबलं. "दाढ ह्यांची आहे," म्हटलं. काच फिरवणारा माणूस, त्याने मनात आणलं असतं तर मला एका हाताने बाजूला सारलं असतं. पण बसून राहिले. मला वाटतं, कोणीतरी ढकलावं म्हणूनच थांबले होते.

डॉक्टरीणबाई तरुण आहेत, बोलणं कमी. दिवा खाली ओढला, हातमोजे घातले, आणि गाठीकडे लगेच वळल्याच नाहीत. आधी मानेखाली, जबड्याखाली बोटांनी चाचपलं. मग जीभ बाहेर काढायला लावून दोन्ही कडा बघितल्या, टाळू बघितला. दादा छताकडे टक लावून होते. खुर्चीच्या हातावर त्यांची बोटं घट्ट वळली होती.

मग त्यांनी ओठ उलटा केला. कापसाने गाठ कोरडी केली, आणि चिमट्याच्या टोकाने हलकेच हलवून बघितली. देठावर ती डुलली. "दुखतं?" नाही. "रक्त येतं कधी?" नाही. "कधीपासून?" दादा म्हणाले, "उन्हाळ्यापासून." उन्हाळ्यापासून, भाऊजी! म्हणजे तुम्ही इथे होतात तेव्हापासून, आणि मला थंडीत कळलं.

नंतर गालातले ते चपटे उंचवटे. त्यांनी मला जवळ बोलावलं. "बघा," म्हणाल्या, आणि दोन बोटांनी गाल आतून बाहेर ताणला. उंचवटे गेले. तिथे काही होतं असं वाटेना. बोटं सोडली की पुन्हा आले. पुन्हा ताणलं, पुन्हा गेले. मी वेड्यासारखी हसले. चिमणीच्या झग्याची चुणी ओढली की जाते ना, तसं.

"वाईट गाठ अशी जात नाही," त्या म्हणाल्या. "ती हाताला कडक लागते, खाली धरून बसते, तिच्यावर न भरणारी जखम असते. हे मऊ आहे. मला तरी विषाणूमुळे आलेले चामखीळ वाटतात, हातापायांवर येतात तसलेच, फक्त तोंडात आलेले." दादांनी पहिल्यांदा छतावरून नजर काढली. "नक्की?" बाई म्हणाल्या, "डोळ्यांनी बघून नक्की म्हणणार नाही. देठाची पूर्ण काढते आणि तपासायला पाठवते. ते आल्यावर नक्की सांगेन."

मला बाईंचं हे आवडलं. खोटा धीर दिला नाही.

सुई टोचली, ओठ बधिर झाला, देठासकट गाठ कापून काढली, थोडी बाजूची त्वचाही घेतली, दोन टाके घातले. चहा उकळायला लागतो तेवढाही वेळ लागला नाही. गाठ एका छोट्या बाटलीत पाण्यासारख्या द्रवात तरंगत होती. दादांनी बाटली उजेडात धरली आणि बधिर ओठाने म्हणाले, "काच चांगली नाही ही." बाईंना वाटलं काहीतरी तक्रार आहे. मला हसावं की रडावं कळेना.

आता तपासणीची वाट बघायची. काल दादांनी चंबू करायला घेतला आणि अर्ध्यातच पुन्हा भट्टीत टाकला.

तुम्ही वाचत असाल तर तुम्हीही वाट बघा आमच्याबरोबर.

वहिनी


२४ फेब्रुवारी

भाऊजी,

ते नाही!

आधी एवढंच वाचा आणि दोन मिनिटं बसा. ते नाही. मामंजींचं ते नाही. साधा चामखीळ आहे, वैद्यकात पॅपिलोमा म्हणतात. विषाणूमुळे येतो, अंगाला खात नाही, पसरून जीव घेत नाही. कापला तिथे बहुतेक परत येत नाही, आला तर पुन्हा काढायचा. गालातले चपटे असतात ते त्याच घराण्यातले, त्यांना सहसा काही करावं लागत नाही. काही महिन्यांत, कधी वर्ष-दोन वर्षांत आपले आपण जातात. दाताखाली येऊन चावला जाणारा एखादा असेल तर गोठवून काढतात. औषध नाही, गोळी नाही, पथ्य नाही. थोड्या थोड्या दिवसांनी दाखवत राहायचं, बस.

आता दुसरं. ते सावकाश वाचा.

तपासणीचा कागद वाचून झाल्यावर बाईंनी विचारलं, घरात आणखी कोणाला आहे? हे एकाच्या थुंकीतून दुसऱ्याला जातं. पेला, चमचा, असं काहीही चालतं. मी म्हटलं, आमच्याकडे पेल्याचं काय घेऊन बसलात, आमच्याकडे नळी आहे. त्यांना कळेना. मी समजावायला गेले. टेबलावरची त्यांची पट्टी उचलली आणि म्हटलं, ही नळी समजा. हे बाकावर बसतात, पहिला फुगा फुंकतात, नळी माझ्या दिरांकडे देतात. मी पट्टी ह्यांच्या तोंडाशी नेली, मग दिराच्या जागी उभं राहून माझ्या तोंडाशी नेली. फुंकलं. आणि भाऊजी, माझा हात आपोआप खांद्याकडे गेला, पट्टीचं टोक खांद्यावर पुसलं, आणि मग पट्टी ह्यांच्यापुढे धरली.

मी तशीच थांबले.

रोज समोर बसून बघितलं होतं ना, हाताला पाठ झालं होतं. तुम्ही नळी घेताना पुसत नव्हतात. त्यांच्या तोंडची ओली नळी तुम्ही तशीच तोंडात घ्यायचात, पूर्वीसारखी. पुसत होतात ती त्यांना देताना. स्वतःचं तोंड लागल्यावर.

बाई विचारत होत्या, "काय झालं?" पेला तुम्ही चिमणीपासून का वर धरायचात ते कळलं. तिचं अर्धं बिस्किट का चालायचं तेही कळलं. यंत्राच्या कारखान्यात का गेलात ते कळलं. ह्यांनी "घाण वाटते का" म्हटल्यावर का गप्प राहिलात तेही कळलं. सांगायचं म्हणजे नाव घ्यावं लागलं असतं, आणि मामंजींना चमच्याने पाणी पाजणाऱ्याच्या तोंडून ते नाव निघणार नव्हतं.

तुमच्या तोंडात आहे ना काहीतरी?

कारखान्याच्या त्या खोलीत एकटे बसून तुम्ही समजताय की आपल्याला ते झालंय. आपल्यापासून भावाला नको, पोरीला नको, म्हणून निघून गेलात आणि आम्हाला शिव्या घालू दिल्यात. किती महिने झाले? कोणाला दाखवलंत? मला उत्तर माहीत आहे. तुम्ही त्यांचेच भाऊ आहात.

बाईंना मामंजींचंही विचारलं. त्या म्हणाल्या, तो आजार वेगळा, तो नळीवरून एकाचा दुसऱ्याला लागत नाही. तुमचे सासरे तंबाखू खायचे का? मी म्हटलं, झोपेतसुद्धा. त्यांनी मान हलवली.

घरी येऊन दादांना बाकावर बसवलं आणि पट्टीचं पुन्हा करून दाखवलं. ते माझ्या हाताकडे बघत राहिले. म्हणाले, "पुन्हा कर." मी पुन्हा केलं. मग म्हणाले, "गाढव आहे. लहानपणापासून गाढव आहे," आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून रडले. मामंजी गेल्यावर रडले होते, त्यानंतर आजच. चिमणी घाबरून आली, तर तिला पोटाशी धरून पुन्हा रडले. थोड्या वेळाने नाक पुसून म्हणतात, "माझंच त्याला गेलं असणार. मी मोठा, नळी आधी माझ्या तोंडात." बाईंनी स्पष्ट सांगितलं आहे की कोणाचं कोणाला गेलं हे कळायला मार्ग नाही. पण आजारातही ह्यांना मोठेपणा सोडवत नाही.

आणि आता माझं ऐका. मलाही आहे. डाव्या गालात, एकच, चपटा. ह्यांना ओढत नेलं, पण मी स्वतः मिटल्या तोंडाने दारात उभी होते. आज बाईंना दाखवला. त्यांनी ताणला, गेला. मग चिमणीचा ओठ बघितला, तिला काही नाही. तिच्या काकाचा पेला उंच होता म्हणून असेल.

वहिनी


२५ फेब्रुवारी

भाऊजी,

काल लिहायचं राहिलं. आरशापुढे उभे राहा. उजेड नीट घ्या. हात धुवून दोन बोटं गालात घाला आणि बाहेर ताणा. जातं का बघा.

गेलं तरी डॉक्टरकडे जा. न गेलं तरी जा. हे बाईंनी मला दरडावून सांगितलं आहे. आरशावर भागवायचं नाही, बघणाऱ्याने बघायला हवं. पण डॉक्टरकडे जाईपर्यंतची रात्र तरी बरी जाईल, म्हणून लिहिते.

दादा शेजारी उभे आहेत. म्हणतात, लिही, मी म्हटलं ते चुकलं. मी म्हटलं, स्वतः लिहा. म्हणतात, माझं अक्षर वाईट आहे.


१९ मार्च

भाऊजी,

तुमचं कार्ड आलं. पोस्टमन दारात असतानाच चिमणीने हिसकावलं आणि अक्षर लावत मोठ्याने वाचलं. "वहिनी, ताणलं. जातं. डॉक्टरांना दाखवलं. जिभेच्या कडेला एक देठाची होती, ती काढली. तेही तेच म्हणाले जे तुमच्या बाई म्हणाल्या. तपासणी आली, ठीक आहे. कोट मिळाला होता." शेवटी नाव नाही. खाली चिमणीसाठी एक चंबू काढला आहे, त्याला डोळे.

"तेच म्हणजे काय?" चिमणीने विचारलं. दादा म्हणाले, "चांगलं असतं ते."

कार्ड ह्यांनी शर्टाच्या खिशात ठेवलं. भट्टीवर घालायचा तोच शर्ट. मी काढायला गेले तर म्हणतात, राहू दे, जळत नाही.

एक काम मी केलं आहे. पितळ कातून देणारा कातारी गाठला आणि फुंकनळीच्या टोकावर बसतील अशा पितळी टोप्या करून घेतल्या. ज्याची त्याची वेगळी. फुंकायचं, आपली टोपी काढायची, नळी द्यायची, दुसऱ्याने त्याची चढवायची. मी रोज सगळ्या उकळते. दादांच्या टोपीला लाल दोरा बांधलाय. निळ्या दोऱ्याची टोपी रिकामी आहे, पण तीही उकळते.

सुट्टी मागा. भांडून मागा. भांडता येतं तुम्हाला, गप्प राहूनसुद्धा.

वहिनी


११ मे

भाऊजी,

नीट पोहोचलात असं धरते. या वेळी कोट नेलात, मी खुंटी बघितली. कारखान्याची नोकरी सोडायचा अर्ज द्यायला विसरू नका. महिना संपेपर्यंत तिथे राहावं लागेल हे कळतं, पण चिमणीला महिना म्हणजे काय ते कळत नाही. ती रोज दारात बसते.

तुम्ही इथे असताना दोघांनी फुंकलेला मोठा चंबू निघाला. हळूहळू थंड होऊ दिला आणि आज सकाळी बाहेर काढला. एक बुडबुडा नाही, एक रेघ नाही. मी त्याचं तोंड घासून दिलं आणि हात फिरवून बघितला. दादा म्हणाले, "कोणाचा आहे सांग?" मी म्हटलं, दोघांचा. म्हणाले, "तेवढं मलाही कळतं. कोणाचा श्वास चांगला आहे ते सांग." मी म्हटलं, भाऊजींचा. म्हणाले, "हो." वाद घातला नाही.

पत्र लिहायचं कारण वेगळं आहे. त्या दिवशी काम चालू असताना तुम्ही काचेकडे बघत होतात. बघायलाच हवं होतं, चंबू वाढत होता. दादा नळी तुमच्याकडे देत होते तेव्हा तुमची नजर त्यांच्या हातावर नव्हती. मी समोर होते, चाक थांबवलं होतं.

त्यांनी पहिला फुगा फुंकला. लाल दोऱ्याची टोपी काढली. टोपी काढल्यावर पुसायला काही उरत नाही, आणि बाईंनी गेल्या आठवड्यात ह्यांचं तोंड बघून सगळं गेल्याचं सांगितलं आहे. पण ह्यांनी खांद्यावरचं फडकं घेतलं, तुम्ही वापरायचात तेच, धुऊन ठेवलेलं. नळीचं टोक पुसलं. सावकाश, सगळीकडून. काच हातात असताना, फुगा बसायची वेळ आली असताना पुसलं. मग तुमच्याकडे दिली.

प्रत्येक वेळी दिली, तशीच दिली. तुम्ही निळी टोपी चढवलीत आणि फुंकलंत.

ह्यांना विचारलं नाही, ते काही सांगणार नाहीत. तुम्हाला दिसलं नाही, म्हणून कळवते आहे.

वहिनी